माळ्यावर चार सी सेलचा जुना स्कूबा टॉर्च सापडलाय, पेटत नाही. घरी दुरुस्त होईल का? आत कोणता एलईडी बल्ब बसेल?

होईल. पण तुम्ही बल्बपासून सुरुवात करताय. पाण्याखालच्या टॉर्चमध्ये बल्ब सगळ्यात शेवटी, आधी ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसून पाणी अडवणारं रबरी कडं.

उघडताना काच तोंडासमोर धरू नका. कुजलेल्या सेलमधून हायड्रोजन निघतो आणि हवाबंद डब्यात त्याचा दाब साठतो. डोळ्यांवर चष्मा, आटे सावकाश, फुस्स आवाज आला की थांबायचं. आटे मिठाने धरले असतील तर रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन अजिबात नको. पॉलिकार्बोनेटला (टॉर्चच्या पारदर्शक प्लास्टिकला) त्याने केसाएवढ्या भेगा पडतात, आणि ३० मीटर खोलीवर ८ सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर साधारण १५० किलो भार येतो.

अल्कलाइन सेल फुटले असतील तर पांढऱ्या भुकटीला व्हिनेगर, साधे झिंक-कार्बन असतील तर खायचा सोडा. कानात घालायच्या कापसाच्या काडीने लावा, मग डिस्टिल्ड वॉटरने पुसून पूर्ण वाळवा. स्प्रिंग आणि पितळी पट्टीवरचा हिरवा थर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. मल्टिमीटरवर, प्रोब एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा करून, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा ओहम जरी दिसला तरी गंज उरलाय.

आता ओ-रिंग. जुनी काढताना टाचणी किंवा स्क्रूड्रायव्हर लावला की खाचेला चरा पडतो आणि पाणी त्याच वाटेने आत येतं. बाद झालेल्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा. रिंग हातात घेऊन बघा: गोल तार असायला हवी तिथे एक बाजू चपटी झालेली दिसेल. ती आता फुगून खाच भरत नाही. म्हणून माप जुन्या रिंगचं नाही, खाचेचं घ्यायचं. काच समोरून दाबली जाते अशा टॉर्चमध्ये खाचेची खोली रिंगच्या जाडीच्या ७५ ते ८० टक्के असते, खोली २.३ मिलिमीटर भरली तर ३ मिलिमीटरची रिंग. रबर नायट्राइल, कडकपणा ७० शोअर. ऑइल सीलच्या दुकानात मिळते (मुंबईत नागदेवी स्ट्रीट). घेताना नखाने साच्याची रेघ चाचपा, उंचवटा लागला तर दुसरी मागा.

सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, रिंगला नुसती चमक येईल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग अडवते. जादा ग्रीसला वाळू आणि टॉवेलचा धागा चिकटतो, आणि एक धागा रिंगवर आडवा पडला तरी टॉर्च भरतो. इथेच माझा किनाऱ्यावरच्या काही डाइव्हवाल्यांशी जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, बाहेरून सिलिकॉन सीलंट फासलं की काम झालं. आंबट वासाचं सीलंट सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे आत्ताच घासलेलं पितळ पुन्हा हिरवं. शिवाय सेल बदलताना दर वेळी ते खरवडणार कोण, आणि खरवडताना खाच वाचणार कशी?

‘बादलीत तासभर ठेवला, गळला नाही’ हाही त्यांचाच पुरावा. बादली हवीच, कारण दाब कमी असताना रिंग नीट बसत नाही आणि गळती बऱ्याचदा उथळातच होते. पण ३० मीटरचं ती काही सांगत नाही. टॉर्च बारीक असेल तर आरओ फिल्टरच्या १० इंची पारदर्शक हाउसिंगमध्ये घाला. सेल काढून, आत टिश्यू पेपर ठेवून. हाउसिंगमध्ये हवेचा बुडबुडाही न ठेवता पाणी भरा आणि आरओच्या बूस्टर पंपाने, गेज लावून, दाब ६० पीएसआयपर्यंत न्या. म्हणजे ४२ मीटर खोलीवरचा दाब. पंधरा मिनिटांनी टिश्यूचा कोपरा ओला, तर रिंग काढून खाच पुन्हा बघा. तुमचा चार सी सेलवाला त्यात मावणार नाही. तो असाच रिकामा, वजन बांधून दोरीने खोल सोडा.

बल्बचं: चार सी अल्कलाइन म्हणजे ६ व्होल्ट, रिचार्जेबल घातले तर ४.८. जुन्या बल्बला कॉलर असेल तर पी१३.५एस बुडाचा, दोन्ही व्होल्टेज चालणारा एलईडी मागा. ३ वॅटच्या वर जाऊ नका, प्लास्टिकच्या बॉडीतून उष्णता बाहेर पडत नाही. जुन्या हॅलोजन बल्बला प्लस-मायनस उलट-सुलट चालायचं, एलईडीला चालत नाही. बल्बच्या बुडाला टेकणाऱ्या मधल्या टिकलीवर प्लस येतोय का ते आधी मीटरने बघा.

आणि हो, नाइट डाइव्हला हा एकटा नेऊ नका. बॅकअप म्हणून ठीक.