दहा वर्षे मुरलेल्या इटालियन स्पार्कलिंग वाइनमध्ये बुडबुडे कमी आणि भाजलेल्या पावासारखा वास आला, तर ती बिघडली असे समजावे का?

आपण लिहिले आहे की भेट मिळालेली त्रेंतोची (उत्तर इटलीतल्या त्या भागातल्या स्पार्कलिंग वाइनची) बाटली उघडल्यावर फेस लवकर बसला, ताज्या फळाचा वास जवळजवळ नव्हता आणि पाव व हेझलनट यांची आठवण होत राहिली. एवढ्या वर्णनावरून ती बिघडली असे मला वाटत नाही; मात्र निश्चित मत देण्यापूर्वी मागच्या लेबलवर ‘स्बोक्कातुरा’ या शब्दापुढे तारीख छापलेली आहे का, ते पाहावे लागेल.

त्या तारखेचे महत्त्व असे. ‘मेतोदो क्लासिको’ पद्धतीत तयार वाइनमध्ये यीस्ट आणि लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालून बाटली बंद करतात, त्यामुळे दुसरे किण्वन बाटलीतच होते आणि आतला दाब सुमारे सहा वातावरणांपर्यंत चढतो. साखर संपल्यावर यीस्ट मरते व गाळ होऊन तळाशी बसते. पुढे अनेक वर्षे त्या मृत पेशी हळूहळू विरघळत राहतात. पावाचा, हेझलनटचा वास आणि जिभेवर जाणवणारी सायीसारखी घनता बव्हंशी तिथूनच येते. शिवाय हा गाळ प्राणवायू शोषून घेत असल्यामुळे, तो आत आहे तोवर वाइन आश्चर्य वाटावे इतकी तरुण राहते. बाटलीची मान गोठवून गाळ बाहेर काढला आणि नवे बूच बसवले, की हे संरक्षण संपते. गाळ काढण्याच्या या क्रियेला स्बोक्कातुरा म्हणतात, आणि लेबलवर असते ती तिची तारीख. त्यामुळे ‘दहा वर्षे मुरलेली’ या शब्दांचा अर्थ गाळावरची दहा वर्षे असा आहे की कपाटातली, यावर सर्व काही अवलंबून असते.

फ्रांचाकोर्ता या उत्तर इटलीतल्याच दुसऱ्या भागातल्या ‘रिझर्व्हा’ला (जास्त काळ मुरवलेल्या वरच्या दर्जाच्या वाइनला) गाळावर किमान 60 महिने आणि त्रेंतोच्या रिझर्व्हाला 36 महिने ठेवण्याचा नियम आहे, पण चांगले उत्पादक त्याहून बरेच थांबतात. त्रेंतोच्या फेर्रारी घराण्याची (मोटारींशी या घराण्याचा काही संबंध नाही, ही पेढी 1902 सालची आहे) ‘जुलिओ फेर्रारी’ ही निव्वळ शार्दोने द्राक्षांची वाइन सुमारे दहा वर्षे गाळावर असते. ती मी प्रथम चाखली तेव्हा पहिली पाच मिनिटे माझी निराशाच झाली होती, कारण थंडगार, अरुंद पेल्यात तिने काहीच दाखवले नाही. तीच वाइन मोठ्या तोंडाच्या पेल्यात ओतून अकरा-बारा अंशांपर्यंत येऊ दिली, तेव्हा साखरेत मुरवलेली लिंबाची साल, मध आणि भाजलेले हेझलनट एकामागून एक उलगडत गेले, आणि या सगळ्याखाली आंबटपणा मात्र अगदी धारदार होता. माझ्या मते चाखताना खरी परीक्षा त्या आंबटपणाचीच करावी, बुडबुड्यांची नव्हे. फेस वयाबरोबर ओसरतोच.

आपली अपेक्षा प्रोसेक्को या हलक्या इटालियन स्पार्कलिंग वाइनवरून बनलेली असल्यास गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण प्रोसेक्कोचे दुसरे किण्वन बहुधा मोठ्या टाकीत उरकतात आणि तिचा ताजेपणा हाच तिचा गुण असतो.

बिघाडाची लक्षणे वेगळी आहेत: तपकिरीकडे झुकलेला रंग, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास, घोटानंतर चपटी, थकलेली चव. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. मी स्वतः एक उत्तम बाटली पुण्याच्या घरात कपाटात तीन उन्हाळे ठेवून अशीच वाया घालवली आहे. आपल्या बाटलीची स्बोक्कातुरा दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि ती थंड जागी राहिली असेल, तर उरलेली वाइन घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी व उद्या रुंद पेल्यात, जेवणाबरोबर पुन्हा चाखून पाहावी.