टीटीचं सस्पेन्शन: करायचं तर आहेच, पण पैसे कुठल्या खिशातून?

यावल तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय. वय 38, चार एकर मृगबाग (जून-जुलैत लावलेली) केळी आणि जळगावात ठिबकच्या सामानाचं दुकान. घरी एक स्विफ्ट आहे रोजची, आणि 2018 मध्ये पुण्याहून घेतलेली ऑडी टीटी, ऑगस्ट 2011 चं रजिस्ट्रेशन, 92 हजार किलोमीटर. आता पुढून खडखड येते, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेत, मागचे दोन्ही शॉकअप तेल गळतायत. कंपनीच्या सर्विस सेंटरने सगळ्याचं मिळून 4,10,000 चं कोटेशन दिलं, संभाजीनगरच्या एका गॅरेजने 1,65,000 चं. भाऊ विचारतात की 5 लाखाची एफडी मोडू, 14 टक्क्याने 3 लाखाचं पर्सनल लोन घेऊ, का पीक कर्जातले दीड लाख पडून आहेत ते वापरू? घरात वहिनी म्हणतात विका आणि नवी एसयूव्ही घ्या, आणि वडील म्हणतात, "हाई गाडी शे का हत्ती?"

भाऊ, आधी शेवटून सुरुवात करतो कारण तिथेच मला धडकी भरली. पीक कर्जाला हात लावू नका. अजिबात नाही. 3 लाखापर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून तुम्हाला ते शून्य टक्क्याला पडतं, आणि तारीख हुकली की सवलत गेली, पूर्ण व्याज लागलं, वर कर्ज देणाऱ्या सोसायटीत थकबाकीदार म्हणून नाव आणि पुढच्या वर्षीचं कर्ज अडकलं. आज ते पैसे पडून दिसतात, पण बाग पुढे परत खत मागेल, आणि मे-जूनमध्ये एक वादळ येऊन बाग आडवी झाली तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, रावेर-यावल पट्ट्यात प्रत्येक घराने ते बघितलंय. त्या दिवशी तुमचे दीड लाख गाडीच्या चाकाखाली असतील आणि सोसायटीचा सचिव दारात. हे पैसे बागेचे आहेत, तुमचे नाहीत, असं समजून चला.

आता पर्सनल लोन. 3 लाख, 14 टक्के, तीन वर्षं, हप्ता येतो साधारण 10,250, आणि तीन वर्षांत व्याजच 69 हजार, प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे सस्पेन्शनच्या वर मागच्या बाजूचं आणखी एकदा काम होईल एवढं व्याज. तुमची कमाई दर महिन्याला सारखी नाही, दुकान चालतं लागवडीच्या आधी आणि केळीचे पैसे येतात कापणीला, मधले चार महिने कोरडे. असल्या कमाईवर पक्का हप्ता घ्यायचा तर तो ज्यातून उत्पन्न येतं अशा गोष्टीसाठी घ्यावा, हौसेसाठी नको.

एफडीचं जरा बारकाईने बघू. तुम्ही घरखर्च आणि दुकानाचा बांधील खर्च मिळून महिन्याला 70 हजार लिहिलाय. सहा महिन्यांचे झाले 4,20,000. म्हणजे ही 5 लाखाची एफडी म्हणजे गुंतवणूक वगैरे काही नाही, तो तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे, जेमतेम पुरेल एवढा. वरचे 80 हजार जास्तीचे आहेत हे खरं, पण एकच मोठी पावती असल्यामुळे ते काढायला पण सगळी मोडावी लागेल आणि व्याजात फटका बसेल. मार्चमध्ये मॅच्युअर झाली की एक-एक लाखाच्या पाच पावत्या करा, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर एकच मोडेल.

मुलीच्या शिक्षणाची 10 हजारांची एसआयपी थांबवायचा विचार पत्रात एका ओळीत येऊन गेलाय, त्यावर मी पण एकच ओळ लिहितो: नाही.

मग गाडी विकायची का? वहिनींचं म्हणणं चूक नाही, पण हिशोब बघा. जशी आहे तशी 5.5 लाखाला डीलर मागतोय. त्यात भर म्हणून 10 लाखाचं लोन 9 टक्क्याने पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 20,750 च्या आसपास, वर्षाला जवळपास अडीच लाख. म्हणजे नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्त्यात टीटीचं पूर्ण सस्पेन्शन होऊन वर पैसे उरतात. घरात स्विफ्ट चालू आहे, दुसऱ्या गाडीची गरज नाही, त्यामुळे एसयूव्ही पण हौसच झाली आणि ती जास्त महाग हौस झाली. पण एक गोष्ट मनाशी पक्की करा, सस्पेन्शनवर दीड लाख घातले म्हणून गाडीची किंमत दीड लाखाने वाढणार नाही. घेणारा म्हणेल छान चालते, 30-40 हजार जास्त देईल, बस. हा खर्च आहे. तुम्ही सात वर्षं मनापासून सांभाळलेली गाडी आहे, रविवारी सकाळी फैजपूर-सावदा रस्त्यावर केळीच्या बागांमधून चालवण्यात तुम्हाला जे मिळतं त्याचा हा खर्च आहे आणि तो करायला माझी ना नाही. शिल्लकीतून केला तर.

पण पैसे घालायच्या आधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर नव्या सस्पेन्शनवर मेलेलं इंजिन घेऊन बसाल. तुमच्या 2011 च्या 2.0 टीएफएसआय इंजिनला ऑइल खायची खोड आहे, त्या पिढीत पिस्टन रिंगचा दोष बऱ्याच गाड्यांना निघाला. ऑइल पूर्ण भरा, 1,000 किलोमीटर चालवा, मोजा. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त खात असेल तर काम थांबवा आणि मला परत लिहा, तेव्हा विकण्याचं गणित वेगळं होतं. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, पण त्याच वेळी बघून घ्या, आणि सहा गिअरच्या एस-ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल दर 60 हजार किलोमीटरला बदलायचं असतं ते कधी बदललं त्याचं बिल शोधा. बिल सापडलं नाही तर बदललंच नाही असं धरा.

आता कोटेशनकडे येतो, इथे खरे पैसे वाचतात. तुम्ही पाठवलेला गॅरेजचा कागद जुलै 2025 चा आहे. त्यात पार्टचे 1,28,000 टॅक्ससकट आणि मजुरी 37 हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, म्हणजे मूळ 1 लाखाचे पार्ट आता 1,18,000 ला यायला पाहिजेत. त्यांना नवीन कागद मागा, 10 हजार तिथेच कमी होतात, एकूण 1,55,000.

कंपनीचं 4,10,000 चं कोटेशन बघून दचकायचं कारण नाही. टीटीच्या या मॉडेलचा पाया फोक्सवॅगन ग्रुपचा तोच प्लॅटफॉर्म आहे ज्यावर स्कोडा लॉरा आणि जेट्टा आल्या, आणि लॉरा तर आपल्या शेजारी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जायची. त्यामुळे संभाजीनगरला या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री आहेत आणि टॉप माउंट, बेअरिंग, लिंक रॉड असले बरेच पार्ट लॉराच्या दुकानात मिळू शकतात. सगळे नाही हं, टीटीचा पुढचा लोअर आर्म ॲल्युमिनियमचा आहे, म्हणून पार्ट नंबर जुळला तरच घ्या, "बसतो हो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. साक्स, लेमफर्डर, बिल्स्टाइन ह्या नावांचे पार्ट बिनधास्त घ्या, फक्त डबा आणि बिल दोन्ही घ्या कारण नकली माल भरपूर आहे. तुमच्या फोटोत गिअरजवळ शॉकअपचं चित्र असलेलं बटण दिसत नाही, म्हणजे बटणाने कडक-मऊ होणारे महागडे मॅग्नेटिक राइडचे शॉकअप नाहीत, साधे आहेत, हे तुमचं नशीब. ते असते तर हे पूर्ण पत्र मला वेगळं लिहावं लागलं असतं.

सगळं एकदम करायचं का थोडं थोडं? एक-एक पार्ट बदलत बसलात तर मजुरी दोन-तीनदा जाते, कारण पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचा अख्खा खांब, एकदा उतरवला की शॉकअप, टॉप माउंट, बेअरिंग सगळं हातात येतं. म्हणून काम पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल असं दोन भागांत करा. पुढचं पूर्ण आत्ता, साधारण 90 हजार. मागचं पूर्ण मे अखेर, 65 हजार. दर वेळी अलाइनमेंट करा. पुढचं आधी का, तर फाटलेला बुश आणि ढिला बॉल जॉइंट हा नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही, ब्रेक मारताना चाक जागा सोडतं. मागच्या गळक्या शॉकअपवर गाडी हळू चालवत काही महिने काढता येतात.

आणि एक गोष्ट, मी स्वतः भोगलेली. माझ्या जुन्या सेडानचे लोअर आर्मचे बुश बदलले, मिस्त्रीने गाडी जॅकवर लटकत असतानाच सगळे बोल्ट आवळून टाकले. गाडी खाली आली तेव्हा रबर आधीच पिळलेलं. चार महिन्यांत परत तीच खडखड, बघतो तर रबर कडेने चिरलेलं, बोटाचं नख आत जाईल एवढं. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना, नाहीतर सस्पेन्शन त्या उंचीला जॅकने उचलून धरून. काम चालू असताना तिथे उभे राहा आणि हे एक विचारा. त्याने "काही फरक पडत नाही" असं उत्तर दिलं तर गाडी घेऊन परत या. पॉलियुरेथेनचे बुश घ्या असं कोणी सांगेल, ते टिकतात पण कडक असतात, आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात खचतात, त्या लाटांचा प्रत्येक दणका मग बॉडीत येईल. रबरच टाका. भुसावळ-जळगावच्या 45 डिग्रीत रबर लवकर म्हातारं होतं हे खरं, सहा-सात वर्षांनी परत खर्च येईल असं आत्ताच धरून ठेवा. इन्शुरन्समधून यातलं काही मिळणार नाही, झीज त्यात बसत नाही, पार्टची घट न कापणारी झिरो डेप पॉलिसी असली तरी.

आता जो खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही तो. ऑगस्ट 2026 ला गाडीला 15 वर्षं होतात. आरसीचं नूतनीकरण करावं लागेल, फिटनेस तपासणीसकट, आणि टीटी आयात केलेली गाडी आहे. 1 एप्रिल 2022 पासून साध्या कारला ही फी 5 हजार आहे आणि आयात गाडीला 40 हजार. वर पर्यावरण कर वेगळा. आरसीवर गाडी कशी नोंदलीय ते जळगाव आरटीओत जाऊन बघून या. अर्ज मुदतीच्या आधी 60 दिवसांच्या आत करता येतो, त्यामुळे मागचं काम आधी संपलं पाहिजे, गळक्या शॉकअपवर फिटनेसला गाडी न्यायची नाही.

तर खरा आकडा 1,65,000 नाही. सस्पेन्शन 1,55,000, नूतनीकरण 40,000, आणि गेल्या दिवाळीत 34 हजाराला घेतलेल्या पुढच्या टायरच्या आतल्या कडेला तार दिसतेय म्हणजे ते पण परत 34,000. झाले 2,29,000. तुमच्या बचत खात्यात 1,20,000 आहेत, त्यातून पुढचं काम 90 आणि टायर 34, चार हजार कमी पडतात ते दुकानातून निघतील. एसआयपी जाऊन महिन्याला 15 हजार उरतात असं तुम्हीच लिहिलंय, त्यातले 12 हजार डिसेंबरपासून वेगळ्या आरडीत टाका, मे अखेर 72 हजार. मागचं काम 65 मध्ये. उरले 7, जून-जुलैचे 24, म्हणजे 31 हजार, आरटीओच्या फीला 9 कमी, ते आणि पर्यावरण कर मृगबागेच्या पहिल्या कापणीतून. एफडी शाबूत, एसआयपी चालू, कर्ज शून्य. वादळाने बाग गेलीच तर मागचं काम थांबवायचं आणि गाडी शेडमध्ये कव्हर टाकून ठेवायची, तिला हप्ता नाही त्यामुळे ती उभी राहू शकते.

ऑगस्टनंतर पण ते 12 हजार बंद करू नका, निम्मे करा, 6 हजार. ते टीटीचं खातं. त्यात असेल तेवढंच तिच्यावर, आणि वडिलांना ते पासबुक दाखवा.

टायर बदलेपर्यंत मात्र गाडी घरीच ठेवा. संभाजीनगरला पण चालवत नेऊ नका, अजिंठ्याच्या घाटात तार निघालेल्या टायरवर आणि फाटलेल्या बुशवर गाडी घालायची नाही, गाडी उचलून नेणाऱ्या टेम्पोचे पैसे यात धरले नाहीत ते धरा.