सिकंदरबागेतील अस्थी आणि युद्धचित्रांचा खरेपणा

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. १८५७च्या उठावाच्या पाठासोबत लखनौच्या सिकंदरबागेचे एक जुने छायाचित्र मी वर्गात दाखवतो. पडक्या इमारतीपुढच्या अंगणात मानवी अस्थी पसरलेल्या त्यात दिसतात. ते मुद्दाम मांडणी करून काढलेले आहे, असे माझ्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. तसे असल्यास ते दाखवावे का? आणि मग चित्रकाराने रंगवलेल्या युद्धदृश्यापेक्षा छायाचित्रावर अधिक विश्वास का ठेवावा?
— एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही ते छायाचित्र वर्गातून काढून टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिकंदरबागेची लढाई १६ नोव्हेंबर १८५७ रोजी झाली आणि ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने तेथे सुमारे २००० हिंदी शिपाई ठार केले. छायाचित्रकार फेलिचे बीआतो मात्र लखनौ पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर, १८५८मध्ये, तेथे पोहोचला. जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की, मृतदेहांचा तो ढीग झाकून टाकलेला होता, पण छायाचित्र घेण्यासाठी तो उघडा करावा, असा आग्रह छायाचित्रकाराने धरला. म्हणजे कत्तल खरी आहे, पण आपल्याला दिसते ते लढाईनंतरचे अंगण नाही. काही महिन्यांनी कॅमेऱ्यासाठी सिद्ध केलेले ते दृश्य आहे.

अशी मांडणी करण्यामागे त्या काळच्या तंत्राची मर्यादाही होती. १८५०च्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर कोलोडियन या चिकट रासायनिक द्रावणाचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच चित्र घेऊन लगेच अंधाऱ्या जागेत ते उमटवायचे, एवढे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन मार्च १८५५मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला तो याच कामासाठी एका दारूविक्रेत्याची घोडागाडी फिरती अंधारखोली करून घेऊन. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागत असल्याने धावणारा शिपाई किंवा फुटणारा तोफगोळा टिपणे शक्यच नव्हते. छावणी, अधिकारी, तोफा आणि लढाई संपल्यानंतरची जमीन, एवढेच विषय कॅमेऱ्याच्या आवाक्यात होते. फेंटनच्या एका प्रसिद्ध ओसाड दरीची दोन छायाचित्रे आहेत. एकात रस्ता मोकळा आहे, तर दुसऱ्यात त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत. ते चित्रासाठी उचलून रस्त्यावर ठेवले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

परंतु माझ्या मते मांडणीपेक्षा मोठा प्रश्न निवडीचा आहे. फेंटनने काढलेल्या सुमारे ३६० छायाचित्रांत एकाही मृत सैनिकाचे चित्र नाही. बीआतोने लखनौमध्ये हिंदी शिपायांच्या अस्थी आणि ऑगस्ट १८६०मध्ये चीनच्या दागू किल्ल्यात चिनी सैनिकांची प्रेते टिपली. त्याच लढायांत पडलेले ब्रिटिश सैनिक मात्र त्याच्या चित्रांत दिसत नाहीत. ज्यांच्या नातेवाइकांनी ती छायाचित्रे विकत घ्यायची होती, त्यांचे मृत दाखवायचे नाहीत आणि पराभूतांचे दाखवायचे, हा भेद कॅमेऱ्याचा नसून तो चालवणाऱ्यांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरने सप्टेंबर १८६२मध्ये अँटिएटमच्या रणांगणावर घेतलेल्या चित्रांतही बहुतेक प्रेते दक्षिणेच्या सैनिकांची आहेत. मैदान उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात राहिले होते आणि त्याने आपल्या मृतांना आधी पुरले, हे त्याचे मुख्य कारण.

सामान्य माणसे मात्र या आरंभीच्या युद्धछायाचित्रांत फार क्वचित आढळतात आणि इथे चित्रकार पुढे जातो, असे मी निःसंकोच म्हणेन. नेपोलियनच्या फौजा १८०८मध्ये स्पेनमध्ये शिरल्यानंतरच्या काळावर स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने तांब्याच्या पत्र्यांवर ८२ मुद्राचित्रे कोरली. लुटले जाणारे गावकरी, सैनिकांशी झगडणाऱ्या स्त्रिया, १८११-१२च्या दुष्काळात माद्रिदच्या रस्त्यांवर मरून पडलेली माणसे त्यांत आहेत, आणि पळणाऱ्या लोकांच्या एका चित्राखाली त्याने ‘मी हे पाहिले’ एवढेच लिहिले आहे. त्यातील प्रत्येक प्रसंग त्याने डोळ्यांनी पाहिला असेलच असे नाही, तरी सेनापतींना वगळून युद्ध कोणावर कोसळते ते त्याने दाखवले, हे फार मोठे धाडस होते. ती चित्रे त्याच्या हयातीत प्रसिद्धही झाली नाहीत. १८२८मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ८० चित्रे १८६३मध्ये छापली गेली.

तेव्हा आपण सिकंदरबागेचे छायाचित्र अवश्य दाखवावे, मात्र त्याखाली लढाईची तारीख आणि छायाचित्राचे वर्ष ही दोन्ही वेगवेगळी लिहावीत, अस्थी छायाचित्रासाठी उघड्या केल्या होत्या हे नोंदवावे, आणि त्या अंगणात उभ्या असलेल्या मोजक्या जिवंत माणसांकडेही मुलांना बारकाईने पाहायला सांगावे. त्यांना तेथे कोणी आणि कशासाठी उभे केले असेल, हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना नक्कीच पेलेल.