कन्व्हर्जन थेरपीसारख्या क्रूर प्रकारावर विनोदी प्रेमकथा काढणं योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय की समलैंगिक पोरांना 'सरळ' करणाऱ्या शिबिरांवर हलकाफुलका सिनेमा काढणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं नाही का. मला नाही तसं वाटत. हसतोय कोणाला, यावर सगळं आहे. उदाहरण म्हणून १९९९ चा 'बट आयम अ चीअरलीडर' घ्या. दिग्दर्शिका जेमी बॅबिट.

नायिका मेगन (नताशा लिओन) शाळेतली चीअरलीडर, चर्चला जाणारी, फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची मैत्रीण. तो चुंबन घेतो तेव्हा हिच्या डोळ्यांपुढे बाकीच्या चीअरलीडर मुली येतात, पण त्यात काही वेगळं आहे हे तिच्या गावीही नसतं. संशय येतो घरच्यांना. पुरावे काय, तर पोरगी मांस खात नाही आणि खोलीत गायिका मेलिसा एथरिजचं (ती स्वतः समलैंगिक) पोस्टर आहे. झालं, पोरीची रवानगी शिबिरात. (या हिशोबाने अख्खी सदाशिव पेठ शिबिरात जाईल.)

शिबिरातली पहिली पायरी म्हणजे 'मी समलैंगिक आहे' हे कबूल करणं. मेगन ते सगळ्यांसमोर रडत कबूल करते. जे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, ते उपचार करणाऱ्यांनीच शोधून हातात दिलं! पुढे मुलींना सगळं गुलाबी, मुलांना सगळं निळं. मुली फरशी घासतात, बाहुलीचे डायपर बदलतात, मुलं लाकडं फोडतात. मर्दानगी शिकवायला कोण, तर एरवी स्त्रीवेषात झगमगणारा रूपॉल, आणि त्याचं निम्मं लक्ष शिबिराच्या संचालिकेच्या मुलाकडे, जो तोकड्या चड्डीत वावरतो.

मग प्रत्येकाने आपल्या 'रोगाचं' मूळ शोधायचं. एकीचं उत्तर, आई लग्नात पँट घालून उभी राहिली. दुसरीचं, माझा जन्म फ्रान्सचा. मेगनच्या बाबांची नोकरी गेली होती आणि आईने घर चालवलं, हे तिचं मूळ. इथे मला आमच्या नात्यातल्या एक मावशी आठवल्या. त्यांच्या मते भाच्याला 'हे' हॉस्टेलच्या जेवणामुळे झालं होतं. उपायही तयार : स्थळं बघा, लग्न झालं की येईल ताळ्यावर. आपल्याकडे वेगळं शिबिर लागत नाही, मंगल कार्यालय पुरतं.

सगळ्यात जास्त लक्षात राहिली जॅन. आखूड केस, चालणं मुलासारखं. एक दिवस ती रडून सांगते की मला मुलंच आवडतात हो, मला फक्त सॉफ्टबॉल आवडतो आणि ढगळ पँट आवडतात, तेवढ्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी हसता हसता थांबले ती इथे.

आणि हे हवेतलं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ सालीच समलैंगिकता आजारांतून वगळली होती. म्हणजे सिनेमा आला तेव्हा पंचवीसेक वर्षं आजार नव्हता, उपचार मात्र जोरात. त्यातली एक मोठी संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, बंद पडली २०१३ साली, तिच्या अध्यक्षांनी माफी मागितल्यावर. आपल्याकडेही मद्रास उच्च न्यायालयातल्या खटल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी ही थेरपी व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. मावश्यांना अर्थातच ते लागू नाही.

सिनेमा निर्दोष नाही. मधला भाग रेंगाळतो आणि मुलग्यांची पात्रं नुसतीच अर्कचित्रं झाली आहेत. पण मेगन आणि शिबिरातल्याच ग्रॅहम या मुलीचं (क्ली डुव्हॉल) जमतं ते खरं वाटतं. ग्रॅहम तिरकस बोलणारी, कशावरच विश्वास नसलेली, आणि तिचा बाप तोंडावर सांगतो की सुधारली नाहीस तर घर विसर. त्या प्रसंगात विनोद जवळजवळ नाहीच. दीड तासाचा आहे, बघा. शेवट सांगत नाही, फक्त नाव चीअरलीडरवरून का आहे ते तिथे कळतं.