गाडी रिकॉलच्या यादीत नाही, इंजिन मात्र बसलं

प्रश्न : आमचा सांगलीजवळ बेदाण्याचा व्यवसाय आहे. मार्च २०२३ मध्ये ४६ लाखांची सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली. नाव आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं, वापर घरचा. ऑगस्ट २०२४ पासून सकाळी स्टार्ट केली की इंजिनातून टकटक यायची. सर्व्हिस सेंटरने दोनदा ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलं. या जानेवारीत खंबाटकी घाटात, आई मागे बसलेली असताना, चढावर गाडी बंद पडली. इंजिन सीझ, म्हणजे आतून जाम. गाडी ४१ हजार किलोमीटर चाललीय, वॉरंटी तीन वर्षांची. पण एक सर्व्हिस १,४०० किलोमीटर उशिरा झाली म्हणून वॉरंटी नाकारली. खर्च ६ लाख ८० हजार सांगतात. आता ‘गुडविल’ म्हणून निम्मा खर्च गाडी बनवणारी कंपनी उचलेल म्हणतात, पण ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असं लिहून मागतात. याच इंजिनाच्या काही गाड्या कंपनीने रिकॉल केल्यात, म्हणजे दोष दुरुस्त करायला परत बोलावल्यात, माझा चासी नंबर त्यात नाही. ह्यूस्टनला भावाच्या गाडीचं इंजिन मात्र रिकॉलमध्ये फुकट बदलून मिळालं. सही करू का? नवीन गाडी मागता येईल का?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण ही सही एकदा झाली की पुढे तुमचा वकील कितीही चांगला असो, त्याला पहिला तासभर तो कागद कसा दबावाखाली लिहून घेतला हेच सांगत बसावं लागतं.

आधी भावाच्या गाडीचं बघू, कारण तुमची अपेक्षा तिथूनच आलीय. त्यांची गाडी जनरल मोटर्सची ६.२ लिटर व्ही-८ असेल, तर एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड आणि काही पिकअप मिळून अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. इंजिनाच्या आतले फिरते भाग, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड, यांच्या निर्मितीत दोष होता, त्याने बेअरिंगचं नुकसान व्हायचं. पण तिथेही सरसकट सगळ्यांना इंजिन मिळालं नाही. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना जाडसर ऑइल, नवा फिल्टर आणि ऑइलचं नवं झाकण देऊन घरी पाठवलं. अनेक मालक त्यावर अजून नाराज आहेत. शिवाय अमेरिकेत राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’ आहे. वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीने परत घ्यायची, असा तो कायदा. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

आपल्याकडे रिकॉलचा कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि त्याखालचा नियम १२७-सी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. सात वर्षांच्या आतली गाडी, आणि दोष असा की त्याने माणसाच्या जिवाला किंवा पर्यावरणाला धोका व्हावा, तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. मात्र त्यासाठी एकाच प्रकारच्या पुरेशा तक्रारी यायला लागतात. तुमची गाडी घाटात चढावर बंद पडली, मागे आई बसलेली होती. हा नुसता भरवशाचा प्रश्न उरत नाही, सुरक्षेचा होतो. म्हणून परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार जरूर टाका. तिच्यावर विसंबून मात्र बसू नका. रिकॉल हा सरकार आणि कंपनी यांच्यातला व्यवहार आहे. तुमचे पैसे तुम्हाला ग्राहक आयोगातूनच मिळायचे.

चासी नंबर यादीत नाही म्हणून दोष नाही, असं कुठेही ठरत नाही. यादी कंपनीनेच बनवलेली असते. उलट त्याच इंजिनात दोष असल्याचं कंपनीने मान्य केलंय, हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. रिकॉलच्या जाहीर सूचनेची प्रत आजच काढून ठेवा.

आता खरं काम. निर्मितीदोषाच्या बहुतेक तक्रारी आयोगात पडतात त्या तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, पण तपासायला वस्तू शिल्लक हवी ना! वर्कशॉपमध्ये एकदा हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक, बदललं की जुना ब्लॉक ‘स्क्रॅपला गेला’ असं उत्तर येतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात तो ब्लॉक आठ दिवसांत गायब झाला होता. तेव्हा सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक दोघांना ईमेल करा आणि त्याच मजकुराची स्पीड पोस्टाने नोटीसही पाठवा : माझ्या उपस्थितीशिवाय इंजिन उघडू नये, काढलेले भाग, बेअरिंग आणि ऑइल माझ्या मालकीचे असून जपून ठेवावेत, ईसीयूमधल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) फॉल्ट कोडचा प्रिंट द्यावा. इंजिन आधीच उघडलं असेल तर स्वतः जा. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या सम्पमध्ये चमकणारा धातूचा चुरा दिसतो का, बेअरिंगचा वरचा थर खरवडून तांबूस भाग उघडा पडलाय का, याचे फोटो घ्या. ऑइलचा एक डबा सील करून दोघांच्या सह्या घ्या. ‘एस्टिमेट मंजूर करा, नाहीतर रोज पार्किंग लागेल’ असाही मेसेज येईल. त्यालाही लेखी उत्तर द्या, फोनवर बोलू नका.

१,४०० किलोमीटरच्या उशिराचं म्हणाल, तर त्याच उशिरामुळे इंजिन गेलं हे कंपनीने दाखवायला हवं. पण तुमचं खरं शस्त्र ऑगस्ट २०२४ चं जॉब कार्ड आहे, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटरने तुमची तक्रार लिहिलेला कागद. त्यावर ‘कोल्ड स्टार्ट नॉइज’ असं काही लिहिलंय का? असेल तर उशिराच्या सर्व्हिसची तारीख त्याच्याशी ताडून बघा. आवाज आधीचा आणि उशीर नंतरचा निघाला, तर त्यांचं कारण तिथेच कोसळतं. सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर त्या दिवसांतले व्हॉट्सअॅप मेसेज शोधा.

गाडी तुमच्या कंपनीच्या नावावर आहे म्हणून तुम्ही ‘ग्राहक’च नाही, हा आक्षेप नक्की येणार. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीजच्या एका प्रकरणात, संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यापारी हेतूची ठरत नाही, असा निकाल दिला. म्हणून वापर घरचा हे दाखवणारं जे असेल ते जमवा : फास्टॅगच्या नोंदी, खाजगी वाहन म्हणून उतरवलेला विमा. या गाडीतून बेदाण्याचे बॉक्स कधी नेले असतील तर तेही वकिलाला आधीच सांगा. उलटतपासणीत कळलं तर फार महागात पडतं.

नवीन गाडीची मागणी लिहायला हरकत नाही, मनात मात्र इंजिनच धरा. एखादा भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून देणं योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात म्हटलंय. मी असतो तर मुख्य मागणी अशी लिहिली असती : संपूर्ण नवीन इंजिन विनामूल्य, त्यावर नव्याने वॉरंटी, गाडी बंद असलेल्या काळातलं भाडं आणि मनस्तापाची भरपाई, आणि तरीही दोष राहिला तर किंमत परत. प्रतिवादी दोघेही करा, विक्रेता आणि उत्पादक. गोव्यातून गेलेल्या टाटा मोटर्सच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या चुकीसाठी उत्पादकाला आपोआप जबाबदार धरलं नव्हतं. तुमच्याकडे ‘नॉर्मल आहे’ म्हणणारा एक आणि इंजिन बनवणारा दुसरा, म्हणून दोघांवरचे आरोप वेगवेगळे मांडा.

गाडीची अडचण फारच असेल आणि ‘गुडविल’ घ्यावंसं वाटत असेल, तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं स्वतःच्या हाताने लिहून पैसे भरा. इंजिन बदललं की नंबरही बदलतो. आरटीओत आरसीवर त्याची नोंद करून घ्या, विमा कंपनीला आणि कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. हप्ते थांबवू नका.

किंमत ५० लाखांच्या आत आहे, त्यामुळे तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच चालेल. फी हजार रुपये. मुदत दोन वर्षांची. ती जानेवारीपासून मोजावी असं तुम्ही म्हणाल, समोरचा पहिल्या जॉब कार्डपासून मोजेल. तेव्हा ऑगस्ट २०२६ उजाडायच्या आत तक्रार दाखल झालेली असू द्या.