विहिरीवरचा ट्रायपॉड आणि उचलला गेलेला पाय

प्रश्न: दादा, आमचं गाव यावल तालुक्यात. पोरांनी वर्गणी काढून 7 फुटी रेस्क्यू ट्रायपॉड (विहिरीतून माणूस वर काढायची तिपाई) घेतला. पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर स्लॅब आहे, तिच्या तोंडावर उभा करून 80 किलोचं रेतीचं पोतं वर घेत होतो, चौघं 10 फुटांवर उभे राहून दोर ओढत होते तर मागचा पाय चक्क उचलला गेला. पाय अजून फाकवायचे का?

उत्तर: भाऊ, पोतं होतं म्हणून निभावलं, माणूस असता तर? पाय फाकवून थोडंफार भागेल पण खरी गडबड दोराच्या दिशेत आहे. वरच्या पुलीला एक दोर खाली ओढतो, दुसरा तुमच्या पोरांकडे, आणि दोघांचा मिळून जोर बरोब्बर त्यांच्या मधून जातो. 7 फुटांवरून निघालेला दोर 10 फुटांवरच्या पोरांच्या कमरेशी आला म्हणजे हा मधला जोर जमिनीवर मध्यापासून साधारण साडेचार-पावणेपाच फूट बाहेर पडतो, आणि तुमचे पाय मध्यापासून तीनेक फुटांवर! मग मागचा पाय उठणारच. त्यात दोन पायांच्या मधून ओढत असाल तर अजून वाईट, तिथे त्रिकोणाची कड पायापेक्षा निम्म्याच अंतरावर असते.

म्हणून दोर एका पायाला लागूनच खाली आणा, पायाच्या तळाशी दुसरी पुली लावा आणि तिथून आडवा ओढा. आता ट्रायपॉड कलणार नाही, पण तो पाय ओढणाऱ्यांकडे घसरेल, स्लॅबवर तर नक्कीच, म्हणून त्याला उलट्या बाजूने स्लॅबच्या बाहेर पक्कं बांधा. तिन्ही पाय तळाशी साखळीने एकमेकांना जोडा, नाहीतर वजनाने बाहेर फाकतात. पायावर बसवायची विंच (हँडल फिरवून दोर गुंडाळणारं यंत्र) मिळाली तर उत्तमच, ओढ सगळी ट्रायपॉडच्या आतच राहते.

काळ्या मातीत उभा करायचा असेल तर प्रत्येक पायाखाली जाड फळी हवी, पावसात तिथे बांधायला ठोकलेली पहारही सहज उपटून येते. शेतातल्या मोठ्या उघड्या विहिरीवर हा ट्रायपॉड नकोच, पाय पुरत नाहीत.

पाय बांधायला ट्रॅक्टर वापरा, गिअरमध्ये टाकून, चावी खिशात. पण ट्रॅक्टरने माणूस ओढू नका, तो कुठे अडकला तर ड्रायव्हरला कळतच नाही. आणि आत उतरणाऱ्याचा दुसरा, सेफ्टीचा दोर ट्रायपॉडला न बांधता वेगळ्या ठिकाणी बांधा. हे सगळं लावून आधी त्याच पोत्यावर परत करून बघा, एकाने फक्त मागच्या पायाकडे बघत बसायचं.