पृथ्वीवर आदळू शकणारा लघुग्रह नष्ट करण्यासाठी अंतराळात क्षेपणास्त्रे तैनात का करत नाहीत?

आपण विचारले आहे की, '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २०३२ मध्ये आदळण्याची शक्यता असलेल्या पट्ट्यात भारतही येत होता, तर अशा संकटासाठी कक्षेत क्षेपणास्त्रे सज्ज का ठेवली जात नाहीत, आणि भारत याबाबत काय करत आहे. नाशिकमध्ये आम्ही काही हौशी मंडळी गंगापूर धरणाच्या बाजूला आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. तेथेही हा प्रश्न हमखास येतो, आणि ओझरला सुखोई विमाने बनतात हे अभिमानाने सांगणाऱ्या शहरात तो 'एवढे जमते, मग हे का नाही' अशा सुरात येतो.

क्षेपणास्त्राची अडचण आधी आकड्यांत पाहू. भारताने २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'मध्ये स्वतःचाच एक उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर अचूक टिपला. परंतु त्या उपग्रहाचे वस्तुमान ७४० किलो होते आणि त्याची कक्षा आधीपासून नेमकी ठाऊक होती. वायआर४चा व्यास अंदाजे ६० मीटर आहे, म्हणजे तो सर्वसाधारण दगडी असल्यास त्याचे वस्तुमान अडीच-तीन लाख टनांच्या घरात जाते. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने येणारी वस्तू शेवटचे ३०० किलोमीटर अठरा सेकंदांच्या आत पार करते. आंतरखंडीय क्षेपणास्त्र ज्या हजार-बाराशे किलोमीटर उंचीपर्यंत जाते, तेथून मोजले तरी हाती जेमतेम एक मिनिट उरते. त्या क्षणी लघुग्रह फुटला, तरी त्याचे तुकडे त्याच वेगाने आणि जवळपास तेवढीच ऊर्जा घेऊन खाली येणार. ही क्षेपणास्त्रे जमिनीऐवजी कक्षेत ठेवल्याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

म्हणून लघुग्रह फोडण्यापेक्षा तो बराच आधी किंचित ढकलणे हा मार्ग मानला जातो, आणि 'किंचित' म्हणजे किती हे पाहिले की बहुतेकांना आश्चर्य वाटते. समजा, एखाद्या लघुग्रहाचा वेग त्याच्या गतीच्या दिशेने सेकंदाला फक्त एक सेंटीमीटरने बदलला. साध्या गुणाकाराने दहा वर्षांत त्याची जागा सुमारे ३,१५० किलोमीटरने बदलेल. पण वेग बदलला की सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेचा कालावधीही बदलतो आणि तो फरक प्रत्येक फेरीत साचत जातो, त्यामुळे प्रत्यक्षातील सरक साधारण तिप्पट, म्हणजे नऊ हजार किलोमीटरांहून अधिक भरते. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे एवढ्यात काम होऊ शकते. तोच धक्का एकच वर्ष आधी दिला, तर सरक हजार किलोमीटरही होत नाही.

हा धक्का देता येतो हे सिद्ध झाले आहे. नासाचे 'डार्ट' हे सुमारे ५८० किलोचे यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी पृथ्वीपासून एक कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर, डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या सुमारे दीडशे मीटरच्या उपग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने आदळले. डायमॉर्फसच्या ११ तास ५५ मिनिटांच्या फेरीत किमान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी धरायची असे ठरले होते. प्रत्यक्षात फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. याचे कारण मला यानाच्या धडकेपेक्षाही रोचक वाटते. डायमॉर्फस हा एकसंध खडक नसून दगडगोट्यांचा सैलसर ढीग आहे, आणि धडकेने मागे उसळलेल्या ढिगाऱ्याच्या प्रतिक्रियेमुळे एकूण धक्का यानाच्या स्वतःच्या धक्क्याच्या साधारण साडेतीन पट झाला. सगळेच लघुग्रह असे वागतील असे नाही, म्हणून तेथे जवळून मोजमाप करण्यासाठी युरोपचे 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये पाठवण्यात आले.

खरी उणीव शोधण्याच्या बाजूला आहे. एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह बहुतेक सापडले आहेत. परंतु १४० मीटर किंवा त्याहून मोठ्या, अंदाजे २५,००० लघुग्रहांपैकी निम्मेही अजून सापडलेले नाहीत. त्यात सूर्याच्या दिशेने येणारे जमिनीवरील दुर्बिणींना दिसतच नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेला सुमारे २० मीटरचा खडक त्याच बाजूने आला. कोणतीही पूर्वसूचना नव्हती आणि जवळपास दीड हजार लोक, मुख्यतः फुटलेल्या काचांमुळे, जखमी झाले. वायआर४ देखील २५ डिसेंबर २०२४ रोजी पृथ्वीजवळून गेला आणि दोन दिवसांनी चिलीमधील दुर्बिणीला सापडला. नासाची 'निओ सर्व्हेयर' ही अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणारी, दुर्बीण आपल्या आदित्य-एल१ या सौरवेधशाळेप्रमाणेच पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूच्या परिसरातून हाच आंधळा कोपरा पाहणार आहे. मला विचाराल तर अंतराळातील संरक्षणावरचा पहिला पैसा येथेच खर्च व्हावा.

वायआर४च्या धोक्याची टक्केवारी आधी वाढत जाऊन १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ झाली आणि मग काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली, तेव्हा अनेकांना यात काही लपवाछपवी वाटली. तसे काही नव्हते. नवी निरीक्षणे येतात तसा अनिश्चिततेचा पट्टा, म्हणजे लघुग्रह ज्यातून कोठूनही जाऊ शकेल तो अवकाशातील भाग, आक्रसतो, आणि पृथ्वी त्या पट्ट्याच्या आत असेपर्यंत तिचा वाटा वाढतच जातो. पट्ट्याची कड पृथ्वीला ओलांडून गेली की हा वाटा एकदम कोसळतो.

अण्वस्त्राचा पर्यायही अभ्यासला जातो: लघुग्रहापासून काही अंतरावर स्फोट घडवायचा, त्याच्या किरणांनी पृष्ठभागाची वाफ होते आणि तिच्या झोताने लघुग्रह ढकलला जातो. परंतु १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई केली आहे, आणि ती मनाई उठवावी असे मला वाटत नाही, कारण दशकांतून कधीतरी लागणारे अस्त्र उरलेला सर्व काळ पृथ्वीवरील कोणावर तरी रोखलेले राहील. याहून अवघड प्रश्न साध्या धक्क्यातही आहे. वायआर४चा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत पसरला होता. धक्का अपुरा पडला, तर आदळण्याची जागा याच रेषेवर एका देशातून दुसऱ्या देशात सरकू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेला सल्लागार गट शिफारस करू शकतो, पण त्याला आदेशाचा अधिकार नाही. लहान खडकांच्या बाबतीत तर वेळेत वस्ती हलवणे हाच स्वस्त उपाय ठरतो, आणि सिंहस्थाची गर्दी हाताळणाऱ्या जिल्ह्याला त्याचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागू नये.

भारतापुरते सांगायचे तर, इस्रोचा 'नेत्र' प्रकल्प मुख्यतः अंतराळातील कचऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी आहे. २०२४ मध्ये इस्रोने ग्रहसंरक्षणावर, म्हणजे लघुग्रहांपासून पृथ्वीचे रक्षण करण्यावर, कार्यशाळा घेतली. लडाखमधील हानले येथील ०.७ मीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा पाठपुरावा करते. ऑगस्ट २०२० मध्ये पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेलेला '२०२० क्यूजी' हा मोटारीएवढा लघुग्रह अमेरिकेतील दुर्बिणीच्या छायाचित्रांत आयआयटी मुंबईच्या दोन विद्यार्थ्यांना आढळला. तो एवढा लहान होता की वातावरणात शिरला असता तरी त्याचा बहुतेक भाग वरच जळून गेला असता. मात्र तो आढळला तेव्हा पृथ्वीजवळून जाऊन त्याला काही तास झाले होते.